जागल्या, पेव आणि कुलूप : वावरातल्या शेडची राखण

हा या वेळच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि 'भाऊ, तू लय फास्ट बोलतोस' म्हणणाऱ्यांसाठी. अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मी बाळापूरचा आहे असं पुण्यात सांगितलं की ज्याला थोडं माहीत असतं तो किल्ल्याचं विचारतो. बरोबर आहे. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर विटांचा एवढा भक्कम किल्ला वऱ्हाडात दुसरा दाखवा. औरंगजेबाचा मुलगा आजमशहा याच्या काळात सुरू झाला असं सांगतात, आणि एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने १७५७ मध्ये पुरा केला. एकाच्या आत एक दरवाजे, उंच बुरूज, आणि पावसाळ्यात भोवती पाणीच पाणी. १७२० च्या ऑगस्टमध्ये इथेच जवळ निजामाने आलम अली खानाला हरवलं, आणि दख्खनचं पुढचं राजकारण बदललं. या सगळ्यावर कधीतरी वेगळा एपिसोड करू.

पण आज किल्ला नाही. किल्ल्याला शिपाई असतात, पहारा असतो, तोफ असते. ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणजे तुमचा-माझा पणजोबा, त्याने आपली ज्वारी, आपली ढोरं, आपली अवजारं कशी राखली? आणि घरी कोणी नसताना कशी राखली? इतिहासाच्या पुस्तकात यावर पान सापडत नाही, म्हणून मला हा विषय घ्यायचा होता.

विषय आत्ताच का, तेही सांगतो. दिवाळी जवळ आली की आपल्यापैकी अर्धे लोक गावाकडे जातात आणि उरलेल्यांचे आईबाप आपल्याकडे पुण्याला येतात. नेमकं त्याच वेळी सोयाबीन निघालेलं असतं, वावरातल्या टिनाच्या शेडमध्ये पोती असतात, स्प्रिंकलरचे पाइप असतात, फवारणीचा पंप असतो, मोटारीची केबल असते. आणि शेडवर असतं एक कुलूप. बस्स.

पहिली गोष्ट. घराला बाहेरून कुलूप लावून सगळ्यांनी निघून जाणं, हा प्रकारच तुलनेने नवा आहे. जुना वाडा पाहिला असेल तर दाराच्या मागे भिंतीत एक खोल भोक दिसतं. त्यात आगळ असायची. आगळ म्हणजे आडवा लाकडी दांडा, भिंतीतून ओढून दाराच्या मागे सरकवायचा. मनगटाएवढं सागवान. हत्ती आणला तरच तुटेल. पण आगळीची गंमत कळली का? ती आतूनच लागते. म्हणजे त्या दाराची सगळी डिझाइन 'आत कोणीतरी आहे' हे धरून केलेली आहे. आजी घरी आहे, काकू घरी आहे, बाळंतीण घरी आहे. घर कधी शून्य माणसांवर जातच नाही. आम्ही इंजिनियर लोक ज्याला असम्प्शन म्हणतो, ते सिस्टीमच्या पायात घातलेलं होतं. ते असम्प्शन गेल्या दोन पिढ्यांत मोडलं, आणि आपण आगळीच्या जागी दोनशे रुपयांचं कुलूप लावून मोकळे झालो.

दुसरी गोष्ट, माल वावरात ठेवायचाच नाही. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे जिथे वस्ती आहे ती जमीन. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं आणि साठवायचं. वावरात फार तर ढोरांचा कोठा, कुटाराचा ढीग, राखणीला मचाण. दागिना, धान्य, बियाणं सगळं पांढरीत, माणसांच्या मध्ये. त्यामुळे 'रिकाम्या वावरातल्या शेडमध्ये लाखाचा माल' ही अवस्थाच नव्हती. वावरात महागडी वस्तू ठेवावी लागायला लागली ती विजेच्या मोटारी आल्यावर. मोटार विहिरीवरच लागते, ती घरी कशी आणणार?

आणि पांढरीतसुद्धा धान्य कुठे ठेवायचे? पेवात. हा माझा आवडता भाग आहे, थोडा वेळ देतो.

पेव म्हणजे जमिनीत खणलेला धान्याचा खड्डा. तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि खाली पोट मोठं, रांजणासारखं. आतून शेणमातीने लिंपायचं, कडब्याचा किंवा तणसाचा थर लावायचा, ज्वारी भरायची, वर पुन्हा कडबा, मग दगड किंवा फळ्या, मग माती, आणि वरून सारवून टाकायचं. झालं. वर चालत जा, ढोरं बांधा, लग्नाचा मांडव घाला, खाली ज्वारी आहे हे कळत नाही. काळ्या मातीत पेव टिकत नाही, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पांढऱ्या मातीत टिकतं. म्हणजे चांगलं पेव गावठाणातच होणार, लोकांच्या पायाखाली.

आता चोराच्या नजरेने बघा. दार नाही. कुलूप नाही. भिंत नाही. माल आहे की नाही तेच माहीत नाही. समजा माहीत आहे, तरी रात्री खणायला लागलं तर आवाज होणार, आणि चार घरांच्या मध्ये होणार. समजा खणलं, तरी लगेच उतरता येत नाही. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड भरतो. घाईने आत उतरलेला माणूस तिथेच बेशुद्ध पडतो. म्हणून पेव उघडलं की बराच वेळ उघडं ठेवायचं, दिवा सोडून बघायचा, दिवा विझला तर उतरायचं नाही, ही जुनी रीत. आणि समजा हेही जमलं, तरी एका रात्रीत एका माणसाला पोटं-दोन पोती काढता येतील. पूर्ण पेव उपसायला दहा माणसं आणि गाड्या लागतात. जी हवा माणसाला मारते तीच किड्यांनाही मारते, म्हणून ज्वारी काही वर्षं टिकायची. दुष्काळासाठीची पुंजी ती. तिला एक कोंदट वास यायचा. जुन्या लोकांना तो वास ओळखू यायचा, आणि काहींना तो आवडायचासुद्धा, हे मला अजून पटलेलं नाही.

'अमक्याचं पेव फुटलंय' असं आपण आज म्हणतो ना, कोचिंग क्लासेसचं पेव फुटलंय वगैरे, ते इथून आलं. एकदम भसकन बाहेर येणारं धान्य.

पेवात जाण्याआधी धान्य खळ्यावर असायचं, आणि तो सगळ्यात धोक्याचा काळ. रास उघडी, वारा सुटेपर्यंत उफणणी अडलेली, आणि वाटेकरी अनेक. सरकारचा वाटा, पाटलाचा, बलुतेदारांचा. म्हणून खळ्यावर मालक स्वतः झोपायचा. जिथे सारा धान्यात घ्यायचे तिथे सरकारी माणूस राशीवर ओल्या मातीचे किंवा शेणाचे गोळे ठेवून त्यावर लाकडी ठसा उमटवायचा. रास हलली की ठसा मोडला. चोरी थांबवायला नव्हे, चोरी झालीय हे लपू नये म्हणून. आपण फाइलचं चेकसम काढतो ते हेच काम. फरक एवढाच की खळ्यावरचा ठसा मुख्यतः शेतकऱ्यावरच नजर ठेवायला होता! सारा भरल्याशिवाय माल हलवू नये म्हणून हवालदार बसवायचे. राखण आणि पाळत यांच्यातली रेघ तेव्हाही पुसटच होती.

वऱ्हाडात यात अजून एक भर पडते, गढीची. आपल्या गावागावांत पांढऱ्या मातीचा तो ढासळलेला उंच ढिगारा दिसतो, ज्यावर आपण लहानपणी खेळलो, ती गढी. पाटील-देशमुखाचं घर, जाड मातीच्या भिंती, एक दरवाजा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या टोळ्या इकडून जायच्या तेव्हा गावाची माणसं आणि जनावरं आत घ्यायची ही जागा. १८१७-१८ नंतर पेंढारी संपले आणि गढीचं काम संपलं. मग लोकांनीच तिची माती काढून घरांना आणि वावरांना नेली. मला याचं वाईट वाटतं, पण ज्याला घर लिंपायचंय त्याला इतिहास कोण सांगणार?

पण गढी काय, पेव काय, हे सगळं हार्डवेअर. खरी सिस्टीम माणसांची होती. तिचं नाव जागल्या.

जागल्या म्हणजे गावाचा रात्रीचा राखणदार. पश्चिमेकडे, पुणे-साताऱ्याकडे, हे काम बऱ्याच ठिकाणी रामोशी करायचे. वऱ्हाडात बहुतेक गावांत महार समाजातल्या लोकांकडे होतं. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात या कामाचं सविस्तर वर्णन आहे. ते वर्णन पेशव्यांच्या मुलखाचं. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होतं आणि १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात आलं. पण गावगाड्याची चौकट इकडेही त्याच जातीची होती.

काम काय? रात्री गावात फिरायचं. कोण आलं, कोण गेलं, कोणाकडे पाहुणा उतरलाय, कोणाचा खर्च एकाएकी वाढलाय, हे माहीत ठेवायचं. प्रत्येकाचा स्वभाव माहीत पाहिजे. आणि चोरी झाली तर चोर शोधायचा. कसा? माग काढून. पावलांचे ठसे बघायचे, त्यांचं माप घ्यायचं, आणि त्या मागावर चालत राहायचं. माग आपल्या शिवेबाहेर दुसऱ्या गावात गेला, तर त्या गावच्या राखणदाराला बोलवायचं, माग दाखवायचा, त्याची खात्री पटवायची. खात्री पटली की जबाबदारी त्याची. तो पुढे माग काढणार. त्याच्याही शिवेबाहेर गेला तर पुढच्याच्या हवाली. असं करत करत माग ज्या गावात संपतो, त्या गावाने भरपाई द्यायची. आधी राखणदाराने त्याच्या ऐपतीप्रमाणे, आणि उरलेली सगळ्या गावाने. माग आपल्याच गावात संपला तर आपल्याच गावाने.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑन-कॉल ड्युटी आठवली. रात्री तीन वाजता अलर्ट येतो, तुम्ही लॉग बघता, प्रॉब्लेम आपल्या सर्व्हिसचा नाही हे सिद्ध करता, आणि पुढच्या टीमला पुराव्यासकट देता. 'आमच्याकडून तर बरोबर गेलं होतं' एवढं म्हणून चालत नाही, समोरच्याने मान्य केलं तरच हँडओव्हर होतो.

पूर्ण नुकसान दर वेळी वसूल व्हायचं असं नाही, बऱ्याचदा थोड्या रकमेवर मिटायचं. पण तत्त्व बघा. चोरी हा एकट्या मालकाचा प्रश्न नाही, गावाचा आहे, कारण पैसे गाव भरणार आहे. म्हणून गावातल्या प्रत्येकाला शेजाऱ्याच्या कोठ्याकडे बघायचं कारण होतं. चांगुलपणा वगैरे असेलही, पण खिशाला लागलेलं कारण होतं.

आणि ही कल्पना पेशवाईतली नाही, फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्यांच्या तांड्याबद्दल नियम आहे. गावात मुक्काम करताना आपल्या मालाचं मोल आधी सांगून ठेवायचं. मग रात्री त्यातलं काही गेलं तर गावच्या मुख्याने भरून द्यायचं. दोन गावांच्या मधल्या जागेत गेलं तर कुरणांच्या अधिकाऱ्याने. कुरण नसेल तर चोर पकडायला नेमलेल्या अधिकाऱ्याने. तोही नसेल तर शिवेवरच्या गावांनी. म्हणजे देशात एक चौरस फूट जागा अशी नाही जिथे चोरी कोणाच्याच नावावर पडत नाही. आणि ते 'मोल आधी सांगून ठेवा' फार महत्त्वाचं आहे, त्याकडे शेवटी परत येतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, कारण ही न सांगता जागल्याचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही. जागल्या जागायचा, पण त्याला मिळायचं काय? खळ्यावरचं बलुतं, वतनाचा जमिनीचा तुकडा, आणि त्या बदल्यात रात्र-दिवस कोणाचंही बोलावणं. घरातल्या कोणालाही कधीही कामाला धरायचे. ज्याच्या भरवशावर गाव झोपायचं, त्याला गाव विहिरीवर पाणी भरू द्यायचं नाही. आणि चोरी झाली की पहिला संशय किंवा पहिला दंड त्याच्यावर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच वेठीविरुद्ध. त्यांना ही 'सुंदर ग्रामव्यवस्था' आतून माहीत होती. जुन्या मुंबई इलाख्यातली ती कनिष्ठ वतनं शेवटी १९५८ च्या कायद्याने गेली.

इंग्रजांनी अजून एक केलं. १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आला. आता संशय माणसावर नाही, अख्ख्या जमातीवर. जन्माला आला तोच गुन्हेगार. वऱ्हाड पोलिसांतल्या मेजर गुंथॉर्प याचं १८८२ चं एक पुस्तकच आहे, मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या तथाकथित गुन्हेगार जमातींवर. जे लोक जंगल राखायचे, वावर राखायचे, माग काढायचे, त्यांचीच कसब पुराव्यासारखी त्यांच्याविरुद्ध लिहिली. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का अधिकृतपणे गेला. मनातून गेला का? आजही गावात केबल गेली की कट्ट्यावर पहिलं नाव कोणत्या बेड्याचं निघतं ते ऐका. पुरावा शून्य. मी हे ऐकत मोठा झालो आणि आता ऐकलं की विचारतो, काहून बापा, तू पाहालं का?

बरं, कुलपाकडे येऊ. जागल्या गेला, घर रिकामं राहायला लागलं, मग सगळा भार कुलपावर. कुलपाचा इतिहास म्हणजे 'हे उघडूच शकत नाही' आणि 'हे घ्या उघडलं' यांचा सामना आहे. १८१७ मध्ये इंग्लंडच्या पोर्ट्समथ गोदीत चोरी झाली. त्यानंतर १८१८ मध्ये जेरेमिया चब याने डिटेक्टर लॉक काढलं. कोणी हत्याराने उघडायचा प्रयत्न केला की ते अडकून बसायचं, आणि मालकाला आपली किल्ली लावताच कळायचं की कोणीतरी हात लावलाय. खळ्यावरचा मातीचा ठसाच, पण पितळी. १८५१ मध्ये लंडनला मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा अमेरिकेहून हॉब्स नावाचा कारागीर आला आणि त्याने ते चबचं कुलूप २५ मिनिटांत उघडलं. मग ब्रामा कंपनीचं कुलूप, जे दुकानाच्या काचेत २०० गिनींच्या पैजेसह वर्षानुवर्षं ठेवलं होतं, ते त्याने १६ दिवसांत मिळून ५१ तास बसून उघडलं. इंग्रजांची झोप उडाली. आपल्याकडे वकिली सोडलेल्या आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली, ती कुलपं आजही आपल्या कपाटांना आहेत.

पण वावरातल्या शेडच्या बाबतीत मला कुलपाची ही सगळी चर्चा थोडी फालतू वाटते. कारण कोणी ५१ तास बसत नाही. चोर कुलपाला हातच लावत नाही.

हे शूद्रकाला माहीत होतं. 'मृच्छकटिक' नाटकात शर्विलक नावाचा चोर चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. फोडण्याआधी तो शास्त्र आठवतो. पक्क्या विटांची भिंत असेल तर विटा ओढून काढायच्या. कच्च्या विटांची असेल तर कापायची. मातीच्या गोळ्यांची असेल तर पाणी मारून भिजवायची. लाकडाची असेल तर फाडायची. मग भोकाचा आकार कोणता करायचा, कमळासारखा की घागरीसारखा, यावर विचार. माप घ्यायला दोरी विसरला म्हणून जानवं वापरतो! आणि एवढं करून आत जातो तर घरात पैसे नाहीत, मृदंग-वीणा आहेत. हसू येतं, पण मुद्दा एकदम पक्का आहे. हत्यार कुलूप बघून ठरत नाही, भिंत बघून ठरतं.

शर्विलकाला टिन माहीत नव्हता. टिनाच्या शेडला पान्ह्याने दोन-तीन स्क्रू काढले, पत्रा वाकवला, झालं. कुलूप जागच्या जागी, चकचकीत.

आमचंही असंच झालं. मागच्या दिवाळीत आईबाबा माझ्याकडे आले होते, आठ दिवस. परत गेले तर कुलूप लागलेलं, बाबा निवांत. आत गेले तर मागचा पत्रा उचललेला. स्प्रिंकलरचे पाइप गेले, आणि बाहेर विहिरीवरची केबल कापून नेली. केबलमधलं तांबं जाळून काढतात आणि भंगारात विकतात, म्हणजे चोराला जे मिळतं त्याच्या कितीतरी पट आपलं जातं. नवी केबल येईपर्यंत हरभऱ्याला पाणी नाही, हे वेगळंच. बाबा तक्रार द्यायला गेले तर तिथल्या एका कर्मचाऱ्याने विचारलं, पाइप तुमचेच होते कशावरून? बिल आहे? पाइप घेऊन सात वर्षं झालेली. बाबा गप्प बसून परत आले. मला राग त्या प्रश्नाचा आला नाही. प्रश्न बरोबरच होता. राग त्या गप्प बसण्याचा आला, कारण तो माणूस कधी गप्प बसत नाही.

त्यानंतर मी कायदा वाचायला बसलो, आणि तिथे एक गंमत सापडली. १८६० ची भारतीय दंडसंहिता. आता तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, पण या भागातली कलमं जवळजवळ तशीच आली आहेत. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण राहत्या घरात 'किंवा माल ठेवण्यासाठी वापरलेल्या' इमारतीत चोरी केली तर सात वर्षांपर्यंत. म्हणजे वावरातलं शेड कायद्याने घराच्या बरोबरीचं आहे! त्यात कोणी राहत नसलं तरी. तोच पाइप धुऱ्यावर पडलेला असेल तर तीन, शेडमध्ये असेल तर सात. आणि रात्री, म्हणजे सूर्यास्तानंतर सूर्योदयाआधी, चोरीसाठी घरफोडी करून शिरला तर चौदा वर्षांपर्यंत.

घरफोडी म्हणजे काय, याचे कायद्यात सहा प्रकार मोजून दिले आहेत. स्वतः वाट पाडून शिरणं, माणसाने शिरायच्या नसलेल्या वाटेने किंवा भिंत चढून शिरणं, मालकाच्या मनात नव्हतं अशा पद्धतीने वाट उघडून शिरणं, कुलूप उघडून, जबरदस्ती करून, आणि बंद केलेली वाट सोडवून. आमचा मागचा पत्रा यात बरोबर बसतो. मेकॉले आणि मंडळींनी केलेली ही यादी वाचताना वाटतं की यांनी शर्विलकालाच समोर बसवून लिहून घेतलंय. म्हणून तक्रार देताना 'पाइप चोरीला गेले' एवढंच सांगू नका. शेड बंद होतं, कुलूप होतं, पत्रा उचलला, रात्रीची वेळ, हे सगळं लिहून घ्या. आता ऑनलाइनही खबर देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन त्यावर सही करावी लागते. आणि चोरी चालू असताना दिसली तर ११२, स्वतः काठी घेऊन एकट्याने जायचं नाही.

मग यंदा आम्ही काय केलं ते सांगतो. नवीन काहीच नाही, सगळं जुनंच उचललंय.

कौटिल्याचं 'मोल आधी सांगा' पहिलं. बाबांच्या मोबाइलमध्ये एक फोल्डर आहे, त्यात मोटारीच्या नंबर प्लेटचा फोटो, स्टार्टरचा, पंपाचा, पाइप मोजून मांडलेला फोटो, सगळी बिलं. कागदी बिल उडून जातं, फोटो काढून ठेवा. मग ठसा. प्रत्येक पाइपवर दोन ठिकाणी ऑइलपेंटने आमचं चिन्ह आणि गट नंबर, शिवाय तापलेल्या सळईने एक डाग, जो रंग खरवडला तरी राहतो. डाग दिलेला पाइप घ्यायला भंगारवाला दहा वेळा विचार करतो. मग पेव. केबल आता जमिनीखालून पाइपात घातली आहे. तोंड शेडच्या आत निघतं, ओढून काढायला खणावं लागेल. गावाला जाताना स्टार्टर आणि फवारणीचा पंप वावरात राहतच नाही, पांढरीत येतो. सोयाबीन भाव बघत शेडमध्ये ठेवायचं असेल तर घरी कोणीतरी असतानाच. पत्र्याच्या खालच्या ओळीत स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि आतून नट. कोयंडाही तसाच. यात कुलपाचा खर्च सगळ्यात कमी आहे.

आणि जागल्या. हे सगळ्यात अवघड. कायद्याने आजही पोलीस पाटील आहे, १९६७ च्या कायद्याप्रमाणे. ग्रामसुरक्षा दलाचीही तरतूद महाराष्ट्र पोलीस कायद्यात आहे. काही गावांत दल खरंच रात्री फिरतं, काही गावांत फक्त टी-शर्ट वाटलेत. आम्ही धुऱ्याला लागून असलेल्या सहा जणांचा ग्रुप केला. ज्याला बाहेरगावी जायचंय त्याने आधी ग्रुपवर सांगायचं, फक्त ग्रुपवर, स्टेटसला महाबळेश्वरचे फोटो परत आल्यावर. बाकीच्यांनी पाणी द्यायला रात्री मोटार चालू करायला जाताना त्याच्या शेडला चक्कर मारून एक फोटो टाकायचा, मागच्या बाजूचा. तशीही आपल्याकडे वीज रात्रीची असते, माणूस वावरात जाणारच आहे.

भरपाईचं मात्र अडलं. मी म्हटलं, सहा जणांनी वर्षाला थोडे पैसे बाजूला टाकू, ज्याचं गेलं त्याला त्यातून मदत. एल्फिन्स्टनचा अहवाल वाचून दाखवला. चौघे हो म्हणाले. एक म्हणाला बघू. सहावे काका म्हणाले, "पैसे टाकतो बाप्पा, पण राखायले जे पोरगं ठेवसान त्याले रोज किती देसान, ते आधी सांग."

त्या पोराच्या रोजाचा आकडा अजून ठरलेला नाही. तुमच्या गावात कोणी ठरवला असेल तर मला कळवा. पेव बघितलेलं कोणी असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात लावतो.